वळणदार अक्षर आणि काळोख

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



दोन महिन्यांपूर्वी संयोजकांनी फोन करून भाषणाचा विषय विचारला. मी म्हटलं, एका इंग्रजी कादंबरीबद्दल बोलेन. पलीकडे जरा वेळ शांतता. मग विचारणा झाली, ‘किती वेळ?’ मी म्हटलं, वीस मिनिटं. ‘मग जेवणाच्या आधी ठेवतो. भूक लागली की तूच आवरतं घेशील.’ पन्नास वर्षांनंतरही मित्र आपल्याला किती ओळखून असतात बघा.

तुमच्यापैकी निम्म्यांना माझं नाव आठवत नसेल, पण फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणारा मुलगा म्हटलं की आठवेल. गणित बेताचं, खेळात कायमचा राखीव, पण अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. तुमच्यातल्या कित्येकांच्या वह्यांवर मी नावं घालून दिली आहेत. १९७४ साली, जुन्या अकरावीच्या आपल्या निरोप समारंभात, हस्ताक्षराचं बक्षीस म्हणून इंग्रजीच्या सरांनी मला एक पातळसं पुस्तक दिलं. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, हे माझं भाग्य. पुस्तकाचं नाव ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, लेखक जोसेफ कॉनरॅड. पहिल्या पानावर सरांनी लिहिलं होतं, ‘सुंदर हस्ताक्षराबद्दल’.

त्या उन्हाळ्यात मी ते तीनदा उघडलं आणि तीनही वेळा चौथ्या पानापुढे गेलो नाही. तर्खडकरांच्या वाटेने इंग्रजीत शिरलेल्या आपल्यासारख्यांची ती वाक्यं वाचताना दमछाक व्हायची. पुस्तक ट्रंकेत गेलं. पुढे बी.कॉम., मग महसूल खात्यात कारकून, अव्वल कारकून आणि शेवटी नायब तहसीलदार म्हणून निवृत्ती. नोकरीची बरीच वर्षं भूसंपादनाच्या कामात गेली. निवृत्तीनंतर घर बदलताना ट्रंक उघडली आणि पुस्तक हाती लागलं. शब्दकोश शेजारी ठेवून एका पावसाळ्यात वाचून काढलं. मग पुन्हा वाचलं. त्या पुस्तकात एके ठिकाणी मला माझीच ओळख पटली. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी लेखकाबद्दल. कॉनरॅड इंग्रज नव्हे, पोलिश. जन्म १८५७ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या बेर्दिचिव्हचा. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश म्हणून नकाशावरच नव्हता. वडील कवी आणि भाषांतरकार, रशियाच्या झारविरुद्ध कारवाया केल्या म्हणून त्यांना हद्दपार केलं गेलं. चार वर्षांचं पोर आईवडिलांबरोबर त्या थंडीत गेलं. सातव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी वडील. पुढे हा मुलगा खलाशी झाला. त्याला आधी पोलिश येत होती, मग फ्रेंच, आणि इंग्रजी तो शिकला वयाच्या विशीनंतर. मराठी शाळेतल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. ज्या वाक्यांनी मला चौथ्या पानावर गारद केलं, ती लिहिणाऱ्याची इंग्रजी ही तिसरी भाषा होती.

१८९० साली हा खलाशी एका बेल्जियन कंपनीच्या नोकरीवर काँगोला गेला. तिथली स्थिती थोडक्यात सांगतो. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपातल्या राष्ट्रांची परिषद भरली. त्याच सुमारास मध्य आफ्रिकेतला एक प्रचंड प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या पदरात पडला. बेल्जियम देशाच्या नव्हे, राजाच्या खासगी मालकीत. बेल्जियमच्या सत्तर-पंचाहत्तर पट मोठा मुलूख, आणि मालकाने आयुष्यात तिथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. जगाला सांगितलेलं कारण मोठं उदात्त होतं. गुलामांचा व्यापार बंद करायचा, विज्ञान आणि सुधारणा न्यायची. प्रत्यक्षात हवं होतं हस्तिदंत, आणि पुढे सायकली-मोटारींच्या हवेच्या टायरांमुळे मागणी वाढली तेव्हा रबर.

कॉनरॅड मतादी बंदरापासून सुमारे महिनाभर पायी चालत गेला. वाटेत दिसलेली प्रेतं आणि खांबाला बांधलेला एक सांगाडा यांची त्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे. मग एका लहानशा आगबोटीने काँगो नदीतून वर स्टॅन्ली फॉल्सपर्यंत गेला. तीन वर्षांचा करार होता, पण वर्षाच्या आत हगवण आणि तापाने खंगून परतला. आठ-नऊ वर्षं त्याने ते मनात ठेवलं आणि १८९९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्ये तीन हप्त्यांत ही कथा आली. पुस्तकरूपाने १९०२ मध्ये.

आता गोष्ट. लंडनजवळ थेम्स नदीच्या मुखाशी एक होडी भरती-ओहोटीची वाट बघत नांगर टाकून आहे. संध्याकाळ आहे. होडीवर पाच मित्र. एक कंपन्यांचा संचालक, एक वकील, एक हिशेबनीस, एक आपल्याला गोष्ट सांगणारा, आणि मार्लो नावाचा खलाशी. हिशेबनिसाने डॉमिनोजचा डबा काढला आहे आणि तो सोंगट्यांशी चाळा करतोय. त्या काळी या सोंगट्या हस्तिदंताच्या, हाडाच्या असत. लेखक त्यावर काही बोलत नाही, पण ते हस्तिदंत कुठून येतं हे पुढच्या शंभर पानांत कळतं.

मार्लो बोलायला लागतो तो आफ्रिकेबद्दल नाहीच. तो म्हणतो की हा आपला थेम्सचा काठही कधी काळी अंधाराचाच मुलूख होता, रोमन लोक इथे आले तेव्हा त्यांना तो तसाच दिसला असेल. म्हणजे काळोख हा काही एका खंडाच्या मालकीचा नाही, हे पहिल्या दहा पानांत सांगून झालं. मग तो काँगोची हकीकत सांगतो. आत जंगलात कुर्ट्झ नावाचा कंपनीचा एजंट आहे. बाकी सगळ्यांनी मिळून पाठवलेल्या हस्तिदंताइतकं तो एकटा पाठवतो. मोठा बुद्धिमान, चित्रकार, वक्ता, सुधारणेचा दूत. त्याला आणायला मार्लो बोट घेऊन निघतो. पोहोचतो तेव्हा दिसतं की या दूताने गावं लुटली आहेत, स्वतःला देव करून घेतलं आहे आणि घरासमोरच्या खांबांवर माणसांची मुंडकी लावली आहेत. परतीच्या वाटेवर तो बोटीतच मरतो.

बहुतेक लोक या पुस्तकाबद्दल बोलतात ते कुर्ट्झबद्दल. मी अडकलो तो फार आधी, एका फालतू पात्रापाशी. त्याला लेखकाने नावसुद्धा दिलेलं नाही.

मार्लो कंपनीच्या पहिल्या ठाण्यावर उतरतो. तिथे रेल्वेचं काम चालू आहे. गळ्यात साखळदंड असलेली माणसं मातीच्या टोपल्या वाहताहेत. ऊन चुकवायला तो झाडीत शिरतो, तर तिथे मरणाला टेकलेले मजूर पडलेले. काम संपलं, अंगात त्राण उरलं नाही, म्हणून झाडाखाली मरायला आलेले. एका पोराच्या गळ्यात पांढऱ्या लोकरीचा धागा आहे. मार्लो खिशातलं बिस्किट त्याच्या हातात ठेवतो. तो ते धरतो, बस्स. मार्लो तिथून निघतो आणि दोनचार पावलांवर त्याला कंपनीचा मुख्य हिशेबनीस भेटतो. खळ लावलेली ताठ कॉलर, पांढरेशुभ्र कफ, चकचकीत बूट, हातात छत्री, कानावर टाक. मार्लोला त्याच्याबद्दल चक्क आदर वाटतो. या अनागोंदीत हा माणूस इतका टापटिपीत राहतो, आणि त्याच्या वह्या कशा, तर एक रेघ इकडची तिकडे नाही!

त्याच्या कचेरीत एका आजारी एजंटाची खाट आणून ठेवली आहे. तो कण्हतो. हिशेबनीस सौम्यपणे तक्रार करतो की या कण्हण्याने लक्ष विचलित होतं आणि मग नोंदींत चुका होतात. बाहेर हमालांचा गलका होतो तेव्हा तो सांगून टाकतो की बिनचूक नोंदी करायच्या असल्या की या लोकांचा मनापासून द्वेष वाटू लागतो. मार्लो निघताना दारातून वळून बघतो. आत तो माणूस वहीवर वाकून अगदी रीतसर व्यवहारांच्या अगदी अचूक नोंदी करतोय, आणि दारापासून जेमतेम पन्नास फूट खाली त्या मरणाऱ्या माणसांच्या झाडांचे शेंडे दिसताहेत.

मी पुस्तक मिटलं. पाऊस पडत होता. मला १९८७ सालचा मार्च महिना आठवला.

ती हकीकत सांगतो. कचेरी कुठली, प्रकल्प कुठला हे सांगत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. धरणासाठी गावं उठणार होती. आम्ही काम करायचो ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. कॉनरॅड काँगोहून परतला त्यानंतर तीन-चार वर्षांनी इंग्रजांनी आपल्यासाठी केलेला कायदा. स्वातंत्र्यानंतर साठ-पासष्ट वर्षं तोच चालला आणि २०१४ च्या पहिल्या तारखेपासून नवा आला. त्या कायद्याची भाषा फार सभ्य. ‘सार्वजनिक प्रयोजन’, ‘हितसंबंधित व्यक्ती’. संयुक्त मोजणी व्हायची, कुणाची किती जमीन, किती झाडं, विहीर, घर यांची नोंद व्हायची. त्या कच्च्या नोंदींवरून विवरणपत्राची सुवाच्य प्रत करायची, तिच्यावरून निवाडा. ती सुवाच्य प्रत करायचं काम अर्थातच माझ्याकडे. साहेब इतर कचेऱ्यांतल्या लोकांना माझी विवरणपत्रं दाखवायचे.

निवाडा जाहीर झाल्यावर एक म्हातारी बाई यायला लागली. व्हरांड्यात बसायची. ‘साहेब, माझी हीर ऱ्हायली वो कागदात. जमीन हाय, आंबं हायती, हीर न्हाई.’ तिचा आवाज मोठा होता. मार्चअखेर होती, माझे ताळे जुळवणं चालू होतं आणि तिच्या आवाजाने माझी बेरीज दोनदा चुकली. मी शिपायाला खिडकी लावून घ्यायला सांगितलं. तिने कुणाकडून तरी अर्ज लिहवून आणला. तो माझ्याकडेच आला. मी विवरणपत्र काढलं, त्यात विहीर नव्हती. वळणदार अक्षरात टिपणी लिहिली, ‘अभिलेख तपासले. विवरणपत्राशी ताळा जुळतो. अर्ज दप्तरी दाखल करण्यास हरकत नसावी.’ वर सही झाली. दप्तरी दाखल. मूळ मोजणीचा कागद मी काढलाच नव्हता. माझीच प्रत माझ्याच प्रतीशी ताडून पाहिली होती.

महिन्याभराने दप्तराचे रुमाल बांधताना मूळ कागद हाती आला. त्यात विहीर होती. पान उलटताना माझ्या हातून एक ओळ राहिली होती.

लेखनातली चूक निवाड्यापासून सहा महिन्यांत दुरुस्त करायची सोय कायद्यातच होती. मुदत शिल्लक होती. पण निवाडा मंजूर झालेला, रक्कम वाटलेली, साहेबांची सही झालेली, आणि माझ्या अक्षराची तर ख्याती. मी रुमालाची गाठ मारली. घरी गेलो, जेवलो, झोपलो. मित्रहो, सगळ्यात वाईट काय, तर झोप चांगली लागली. तीस वर्षं मला ती बाई आठवलीसुद्धा नाही. ती आठवण करून दिली ती खळ लावलेल्या कॉलरच्या एका हिशेबनिसाने.

‘अंधाराचं हृदय’ म्हटलं की आपल्याला वाटतं घनदाट जंगल, ढोल, भुतंखेतं. कॉनरॅडच्या जंगलात ते सगळं आहे. पण मला भीती वाटली ती त्याच्या कागदांची. या पुस्तकात कागद फार आहेत. कुर्ट्झचाच एक कागद बघा. रानटी चालीरीतींचं निर्मूलन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी त्याने सतरा पानांचा अहवाल लिहिला आहे. भाषा अशी की मार्लो भारावून जातो. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, नंतर कधीतरी थरथरत्या हाताने लिहिलेली एकच ओळ आहे. जिच्या सुधारणेसाठी सतरा पानं लिहिली, त्याच माणसांचा समूळ नायनाट करून टाकावा, असं ती सांगते. पुढे युरोपात परतल्यावर मार्लो हा अहवाल छापायला देतो तेव्हा काय करतो? ती शेवटची ओळ फाडून काढतो आणि बाकीचं देतो. एक ओळ गाळणारा मी एकटा नव्हतो.

कॉनरॅड गेला तेव्हा रबराचा खरा कहर अजून यायचा होता. पुढे काय झालं ते इतिहासात आहे. गावागावाला रबराचा कोटा ठरवून दिला जाई. तो पुरा व्हावा म्हणून बायकांना ओलीस ठेवत. सैनिकांना काडतुसं मोजून मिळत आणि एकही वाया गेलं नाही याचा पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा हात कापून आणावा लागे. कुणी शिकारीवर काडतूस उडवलं असेल तर ताळा जुळवायला जिवंत माणसाचा हात कापला जाई. मी लेखा विभागाचा माणूस आहे. मला हे वाचताना एकच शब्द आठवला, व्हाउचर.

पण हे उघडकीला कसं आलं, ते ऐकण्यासारखं आहे. तेही एका कारकुनानेच आणलं. एडमंड मॉरेल हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर या जहाज कंपनीत नोकरीला होता. काँगोची वाहतूक या कंपनीकडे. कामानिमित्त तो अँटवर्पच्या धक्क्यावर जायचा. त्याच्या लक्षात आलं की काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने खच्चून भरलेली असतात, आणि जाणाऱ्या जहाजांतून जातात त्या मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा. मोबदला म्हणून द्यायचा माल जवळपास नाहीच. तो काँगोला गेला नव्हता. त्याने फक्त आवक आणि जावक शेजारी शेजारी ठेवली आणि स्वतःला विचारलं, यांना रबराची किंमत कोण देतंय? उत्तर एकच होतं, कुणीच नाही. म्हणजे ही वेठबिगार आहे. कंपनीने त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. १९०१ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढची कितीतरी वर्षं याच कामाला वाहून घेतली. ब्रिटिश कॉन्सल रॉजर केसमेंट स्वतः आत हिंडून आला आणि १९०४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हा केसमेंट कॉनरॅडला १८९० मध्ये मतादीला भेटलेला. शेवटी १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या हवाली करावा लागला. देण्याआधी त्याने तिथले दफ्तर जाळून टाकले.

हे वाचताना मला आपले दादाभाई नौरोजी आठवले. त्यांनी तरी वेगळं काय केलं? सरकारनेच छापलेले आयात-निर्यातीचे आकडे घेतले आणि विचारलं, हिंदुस्थानातून जातो तेवढा माल परत का येत नाही? त्यांचं ते जाडजूड पुस्तक लंडनमध्ये निघालं तेही १९०१ मध्येच. आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून काय बाहेर काढून जाळलं? दागिने नव्हे, कर्जरोखे. ज्या कागदाने त्यांची जमीन जात होती तो त्यांना वाचता येत नव्हता. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कारकुनाच्या लेखणीवर एवढा राग का धरला, हे मला नोकरीत असताना कळलं नाही, निवृत्त झाल्यावर कळलं. शेतकऱ्याने कागद जाळला तो वाचता येत नव्हता म्हणून. राजाने जाळला, कारण त्यात काय लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं.

आता कॉनरॅडचीही दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर सर मला अर्धे गुण देतील. १९७५ मध्ये, म्हणजे आपण शाळा सोडली त्याच्या पुढच्याच वर्षी, नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भाषण केलं आणि कॉनरॅडला सरळ वंशद्वेष्टा ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की या पुस्तकात आफ्रिका म्हणजे एका गोऱ्या माणसाच्या मनाची पडझड दाखवायला लावलेला नुसता पडदा आहे. तिथली माणसं म्हणजे हातपाय, डोळे, ओरडा. सगळ्या पुस्तकात त्यांना बोलायला मिळतं ते जेमतेम दोनदा, तेही मोडकंतोडकं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. ज्याने मला जागं केलं त्याला हे असं कसं म्हणतात? मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि मोजलं. अचेबे खोटं बोलत नव्हते. त्या पोराच्या गळ्यातला लोकरीचा धागा कॉनरॅडला दिसला, पण त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे विचारावंसं मार्लोला वाटलं नाही. अत्याचार दिसणं वेगळं आणि ज्याच्यावर झाला त्याचं ऐकणं वेगळं. अचेबेंची स्वतःची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ ची. तिच्या शेवटी एक इंग्रज जिल्हाधिकारी आहे. ज्या माणसाची कहाणी आपण आख्खं पुस्तक वाचली, त्याच्यावर आपल्या नियोजित ग्रंथात एखादा परिच्छेद लिहिता येईल, असा विचार तो करतो. परिच्छेद! माझ्या टिपणीत तर त्या बाईला एकच शब्द मिळाला होता, ‘अर्जदार’.

कॉनरॅडने मला माझी खिडकी दाखवली आणि अचेबेंनी सांगितलं की नुसतं खिडकीतून बघून भागत नाही, बाहेर जावं लागतं. मला दोघंही हवेत.

म्हणून मागच्या वर्षी मी गेलो. पुनर्वसित गाव शोधून काढलं. बाई कधीच वारली होती. तिच्या नातवाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी कोण ते सांगितलं. तो तांब्याची तार गुंडाळत होता, हात थांबला नाही. म्हणाला, ‘आजी म्हणायची, कागदात विहीर होती, कुणीतरी काढून टाकली. खरं का ते?’

‘हार्ट ऑफ डार्कनेस’च्या शेवटी मार्लोवर अशीच वेळ येते. कुर्ट्झची वाग्दत्त वधू त्याला विचारते, ते शेवटी काय म्हणाले? कुर्ट्झ मरताना एकच शब्द दोनदा पुटपुटला होता, आपण जे केलं त्याच्या भयाचा शब्द. मार्लो सांगतो, त्यांनी तुमचं नाव घेतलं. तिला बरं वाटतं. काळोख जिथल्या तिथे राहतो. मलाही त्या क्षणी सांगता आलं असतं, फार जुनं दफ्तर आहे, आता काय सांगणार. मी म्हटलं, ‘काढून टाकली नाही. माझ्या हातून लिहायची राहिली. आणि राहिली हे कळल्यावर मी गप्प बसलो.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पोराला चहा सांगितला. चहा झाल्यावर म्हणाला, ‘ती सगळ्यांना सांगायची. कुणाला पटायचं नाही. सरकारी कागदात नाही म्हणजे नसंलच, असं आमचा बापच म्हणायचा. तिला सगळे खोटारडी समजायचे.’

पैशाचा हिशेब मी मनात करून गेलो होतो. हा हिशेब माझ्या डोक्यातही आला नव्हता. माझ्या एका ओळीने ती बाई तिच्या स्वतःच्या घरात खोटी ठरली होती.

निघताना तो म्हणाला, ‘हे लिहून द्याल?’ त्याच्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी लिहून दिलं. तिचं पूर्ण नाव, गट नंबर, विहीर होती, नोंद माझ्या चुकीने राहिली. खाली सही, तेव्हाचं पद, तारीख. मी त्याला सांगितलं की कायद्याने याचा आता काही उपयोग नाही. तो म्हणाला, ‘कायद्यासाठी नको. घरात ठेवतो.’ आयुष्यात मी बरंच सुवाच्य लेखन केलं. त्या दिवशी हात थरथरत होता आणि अक्षर काही चांगलं आलं नाही.

वीस मिनिटं झाली. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा आवरतो.

आपण सगळे आता निवृत्त. कुणी बँकेत होता, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी इस्पितळात. आपल्यापैकी कुणीही कुर्ट्झ नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण खळ लावलेली कॉलर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घातली आहे. आपापल्या नोकरीत एखादा अर्ज आपण दप्तरी दाखल केला असेल. तो काढून बघा, एवढंच म्हणतो. माणूस हयात असेल तर माझ्यापेक्षा तुमचं नशीब चांगलं.

जाता जाता एक. काल रात्री मी सरांना विचारलं, ‘सर, हस्ताक्षराच्या बक्षिसाला हेच पुस्तक का निवडलंत? त्यातला तो हिशेबनीस तुमच्या डोक्यात होता का?’ सर हसले. म्हणाले, ‘अरे, कसला हिशेबनीस? बक्षिसाचं ठरलेलं पुस्तक बाजारात मिळालं नाही. समारंभ तासाभरावर आला होता. घरातल्या कपाटातलं हाताला लागलं ते उचलून आणलं.’ आणि मग जरा थांबून विचारलं, ‘पण वाचलंस ना?’

हो सर, वाचलं. उशिरा वाचलं.

ते पुस्तक मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देतोय. पहिल्या पानावर सरांचं अक्षर आहे. समासात माझी पेन्सिल आहे, ती वाचणाऱ्याने खुशाल खोडून टाकावी. आणि पुस्तक चौथ्या पानावर अडलं तर मुलांनी लाजू नये. पुढे जावं.